शेवटून वाचायची सवय

माणसांची बोलणी मी शेवटून ऐकते. वाईट सवय आहे, पण ती मला कंपनीने लावली. दिघ्याजवळच्या एका औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. माझं काम एवढंच, की पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या खोक्याचा बॅच नंबर शेवटून बघायचा. सकाळी आमचे सुपरवायझर खांबाला एक चिठ्ठी चिकटवून जायचे. तिच्यावर पाच-सहा शेपट्या लिहिलेल्या असत. ४०के, ७एम, १९, असं काहीबाही. खोक्यावरचा नंबर यांतल्या कुठल्याही एका शेपटीने संपत असला तर खोकं लाल क्रेटमध्ये टाकायचं, नसला तर जाऊ द्यायचं पुढे. त्याच्या आधीचे आठ-दहा आकडे कुठल्या साली पडले, कुठल्या मशीनने मारले, याच्याशी मला काय करायचंय?

एकदा चिठ्ठीवर '७एम' होतं आणि त्याच्याखाली '२७एम'पण. मी म्हटलं, "सर, सात-एमने संपणारं सगळंच थांबवायचं ना? मग सत्तावीस-एम त्यात आलंच की."

सर बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लिहिलंय तर तुम्हाला काही त्रास होतोय का?"

मला कसला त्रास! मी आपलं पुढचं खोकं ओढलं.

आठ तास हे केलं की डोळ्यांना एक झिंग चढते. पट्टा थांबतो, पण आपण सरकतच राहतो. शिफ्ट सुटली की बसचे नंबर, दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, सगळं माझ्यासमोरून हळूहळू सरकायचं आणि मी त्यांच्या शेपट्या बघत चालायचे. लोकांना वाटायचं, ही बाई काहीतरी गुणगुणतेय. गुणगुणत नव्हते, मनातल्या मनात क्रेटमध्ये टाकत होते.

घरीही तेच. नंदकुमार, म्हणजे माझा नवरा, साताऱ्याकडचा. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात अरेच असतं. तो एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर वायरमन होता. बोलायला बसला की त्याची गोष्ट कोरेगावच्या स्टँडवरून सुटणार, तीन गावांत थांबे घेणार, एका मामाला भेटणार, आणि शेवटी "म्हणून म्हटलं, आज वांगं नको" इथे येऊन उभी राहणार. मी फक्त वांग्यापाशी कान द्यायचे. दोन वर्षांत त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

राहायला आम्ही दिघ्यातच, धोंडूबाईंच्या चाळीत. धोंडूबाई मूळच्या इथल्या, खाडीकाठच्या गावातल्या. ओळीने चार खोल्या, तीन भाडेकऱ्यांच्या, एक त्यांची. आमच्या खोलीला एकच खिडकी, आणि ती शेजारच्या खोलीच्या भिंतीवर उघडायची. सकाळी खिडकी उघडली की ती भिंत मी अगदी जवळून बघायचे. भिंतीला शेवट नव्हता.

म्हणून नेरूळ. रविवारी आम्ही दोघं बसने नेरूळला जायचो, नुसतं बघायला. एका सरकारी मंडळाने तिथे घरं बांधायला काढली होती. घरं थोडी आणि मागणारे फार, म्हणून अर्जांची सोडत निघणार होती. इमारती अर्ध्या उभ्या होत्या. खिडक्यांना चौकटी बसल्या होत्या, काचा नव्हत्या, आणि प्रत्येक चौकटीत आभाळाचा एक तुकडा. खाडीकडून खारा वारा यायचा, त्याने माझा पदर एका बाजूला आणि नंदकुमारचे केस दुसऱ्या बाजूला जायचे. मी तिसऱ्या मजल्यावरची डावीकडची खिडकी धरली होती. त्या खिडकीत मी मनाने कितीतरी वेळा उभी राहिले, केस वाळवले, कोथिंबीर निवडली, खाली बघून कोणाला तरी हाक मारली. खरं सांगते, मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

आता एक लपवलेली गोष्ट सांगते. नंदकुमारला माहीत नव्हतं, पण त्या सोडतीत माझाही अर्ज होता.

त्र्याण्णव सालच्या जानेवारीत मी कळव्याला मावशीकडे राहत होते. नोकरी हीच. तेव्हा माझं नाव जाई होतं. जाई दत्ताराम तांबे. कंपनीतल्या पोरींनी अर्ज आणले, मीही एक भरला. कोणाला विचारलं नाही. मे महिन्यात लग्न झालं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरले, नंदकुमारने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. कोणाचा तरी धक्का लागून तांदूळ सरकले आणि मला नुसतं 'त्रा' दिसलं. सगळ्या बायका म्हणाल्या, छान आहे हो. मीही म्हटलं, छान आहे. नंतर कळलं की मी सुचित्रा.

त्याला मोठ्या हौसेने सुचलेलं नाव. राग धरावा असं त्यात काही नव्हतं, तरी मी धरला. थोडासा, आतल्या आत. वर्षभरात रेशन कार्ड, कंपनीचं कार्ड, बँकेचं पुस्तक, सगळीकडे सुचित्रा निकम झाली. जाई उरली फक्त शाळेच्या दाखल्यावर आणि त्या अर्जाच्या पावतीवर. पावती मी लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली होती. कधी एकटी असले की काढून बघायचे. माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

नंदकुमारने त्याच सालच्या ऑगस्टमध्ये, मुदत संपता संपता अर्ज भरला. त्याची पावती तीन घड्या घालून कॅलेंडरच्या मागे खोचलेली असायची. घडीतून नंबराचं टोक बाहेर डोकवायचं, ४०९क. दोन वर्षं रोज पोळ्या लाटताना ते टोक माझ्या डोळ्यांसमोर होतं. नियम मी विचारून ठेवले होते. नवरा-बायकोने वेगवेगळे अर्ज भरलेले चालत होते, दोन्ही लागले तर एक परत करायचा. एकाच माणसाचे दोन अर्ज निघाले, तर मात्र दोन्ही रद्द, शिवाय पुढच्या सोडतीलाही त्याला बंदी. आमचं तसं काही नव्हतं. एक त्याचा, एक माझा. माझा लागला तर एकदम समोर ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. त्याचं तोंड कसं होईल, याची मी कंपनीत पट्ट्यापुढे रंगीत तालीम करायचे.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत, एका रविवारी निकाल पेपरात आला. मंडळाने सगळे नंबर छापलेच नव्हते. वर एक ओळ होती, की खाली दिलेल्यांपैकी कुठल्याही अक्षरांनी ज्या अर्जाचा क्रमांक संपतो, तो अर्ज यशस्वी. आणि खाली माझी रोजची चिठ्ठीच. ३०२क, ८८, ५४ब, ०६१, १७ड.

दुधाला गेले होते, रस्त्यातच पेपर उघडला. माझा नंबर ११०४१७ड.

मी तो तीनदा ताडून बघितला. कंपनीत एकदा बघून सोडून देते, कधी चूक झाली नाही. रस्त्यावरची धूळ, कारखान्यांचा वास, पाण्याचा टँकर, सगळं नेहमीसारखंच होतं, आणि तरी ते सगळं लांब गेलं होतं. मी अगदी हळू चालत घरी आले. दुधाची पिशवी हातात आहे हे दारात आल्यावर कळलं.

नंदकुमार न्हाऊन तयार बसला होता. "बघ गं तू. शेवट बघण्यात तू एक्स्पर्ट."

मी पेपर पसरला, बोट फिरवलं, नाटक केलं. ४०९क. यादीत '०९क' नव्हतं, नुसतं 'क'ही नव्हतं. "नाही हो," मी म्हटलं. आत मात्र मला हसू फुटत होतं. शालू पेटीत वरच काढून ठेवला होता.

नंदकुमारने उठून कॅलेंडरमागची पावती काढली, घड्या उलगडल्या आणि माझ्यापुढे धरली. "आता सांगायला हरकत नाही. नाव वाच."

मी दोन वर्षांत पहिल्यांदा त्या पावतीची सुरुवात वाचली. सुचित्रा नंदकुमार निकम.

"काय आहे ना," नंदकुमारने सुरुवात केली, आणि गोष्ट कोरेगावहून निघाली. त्याची आई, वडील गेल्यावर काकांनी तिला घरातून कसं काढलं, ती दोन पोरं घेऊन भावाकडे कशी राहिली, भावाच्या बायकोने तिला चुलीपाशी कसं झोपवलं. मी पहिल्यांदाच त्याची अख्खी गोष्ट पहिल्या शब्दापासून ऐकली. "म्हणून म्हटलं," तो शेवटी म्हणाला, "घर झालं तर बायकोच्या नावावर. तुझी सही पण मीच मारली. तुला चावी देताना सांगणार होतो. एवढं टेन्शन नको घेऊस, पुढच्या वेळी पण तुझ्याच नावावर भरू."

मी पेटीवर बसले होते. पेटीत जाई होती. जाई पण मीच आणि सुचित्रा पण मीच, म्हणजे एकाच बाईचे दोन अर्ज. जाई म्हणून घर मागायला गेले की लग्नानंतरचं नवं नाव सांगावं लागणार, ते नाव यादीत तपासणार, आणि दोन्ही अर्ज केराच्या टोपलीत. मी पावतीचं डोकं एकदा जरी वाचलं असतं! दोन वर्षं डोळ्यांपुढे होती. एक घडी उलगडायची होती फक्त.

त्याला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने जन्मभर स्वतःला लावून घेतलं असतं, की माझ्या हौसेने घर गेलं. मला त्याचा इतका राग आला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली होती की त्याच्यावरून नजर हटत नव्हती. दोन्ही एकदम येतं हे मला माहीत नव्हतं.

हक्क सांगायला पंधरा दिवसांची मुदत होती. न सांगितलं तर मंडळ रजिस्टर पत्र पाठवणार, ते कळव्याला मावशीकडे जाणार, आणि मावशी पेढे घेऊन दिघ्याला हजर होणार. गप्प बसूनही चालणार नव्हतं. कंपनीत पट्ट्यावरून खोक्यांऐवजी खिडक्या सरकत यायला लागल्या. प्रत्येकीत आभाळाचा तुकडा, प्रत्येकीच्या शेवटी १७ड, आणि मी एकेक उचलून लाल क्रेटमध्ये टाकत होते. सर येऊन म्हणाले, "अहो, चांगला माल कशाला काढताय?" तेव्हा भानावर आले.

एके दिवशी नळावर धोंडूबाई भेटल्या. मी विचारलं, "मावशी, तुमच्यात पण लग्नात नाव बदलतात?"

"मंग? माजा नाव पुतला व्हता," त्या हंडा घासता घासता म्हणाल्या. "सासऱ्यानं धोंडूबाई ठेवला."

"कोणी पुतळा म्हणून हाक मारली तर?"

"कोन मारील? मारनारी समदी गेली." त्यांनी हंडा नळाखाली सरकवला. "तू भर गो आदी, पानी जाईल."

त्या रात्री नव्हे, भर दुपारी, डबा खाताना माझ्या डोक्यात ते आलं. जाईचं लग्न झालंच नसेल तर? शाळा सोडल्याचा दाखला जाईच्या नावाचा होता. कळव्याचा पत्ता होता. मंगळसूत्र उतरवून जायचं आणि सांगायचं, की मी जाई दत्ताराम तांबे, अविवाहित. सुचित्रा निकमशी माझा काय संबंध? मग नंदकुमारला सांगायचं काहीतरी. तो माझ्या घरात पाहुणा म्हणून राहील, मला हसूच आलं. पुढे बराच वेळ डबा तसाच राहिला.

मुदतीच्या शेवटच्या सोमवारी मी रजा टाकली. नेरूळला उतरून आधी इमारतीकडे गेले. खिडक्यांना काचा बसल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर डावीकडे ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात मला जाई दिसली. दोन वेण्या, कळव्याच्या पोरींबरोबर घेतलेला पिवळा ड्रेस, खिडकीवर कोपर टेकून खाली बघत होती. खुशीत होती. तिच्यामागे खोली रिकामी होती, भिंती पांढऱ्या, कोणाचं कॅलेंडर नाही, कोणाची चप्पल नाही. मी हात वर केला. तिने मला ओळखलं असं वाटलं नाही. मग एक रंगारी खिडकीत आला आणि त्याने काच पुसली.

मंडळाच्या ऑफिसच्या जिन्यात मी मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं, टिकली पुसली आणि खिडकीपाशी गेले. आतल्या मॅडम पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला. पावती बघून त्यांनी नंबर ताडला. "अभिनंदन. हा फॉर्म भरा, इथेच."

नाव लिहिलं, जाई दत्ताराम तांबे. हात सरसर चालला. जन्मतारीख लिहिली. विवाहित की अविवाहित, तिथे अविवाहितवर खूण केली. माझ्याच धिटाईचं मला नवल वाटलं. त्याच्याखाली एक रकाना होता. घरात अर्जदारासोबत राहणाऱ्या व्यक्ती, नाव आणि नातं. सहा ओळी रिकाम्या.

"कोणी नसेल तर 'कोणी नाही' लिहा," मॅडम म्हणाल्या. "रिकामं चालत नाही."

मी पेन टेकवलं. दोन शब्द होते, लिहायला किती वेळ लागतो? पण मला दिसत होता नंदकुमार, बनियनवर, पावती दोन्ही हातांत धरून उभा. 'नाव वाच' म्हणाला होता. माझं पेन काही केल्या सरकेना. मागच्या माणसाने खाकरून दाखवलं.

"मॅडम," मी फॉर्म उलटा ठेवला. "ही पावती माझ्या बहिणीची आहे. तिला घर नको आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग फॉर्मकडे, मग माझ्या मोकळ्या गळ्याकडे. तिथे काळ्या मण्यांचा वळ उमटलेला असणार, दोन वर्षांचा. "का?"

"लग्न होऊन गेली ती."

त्यांनी तो भरलेला फॉर्म ओढून घेतला, उभा-आडवा फाडला आणि टेबलाखाली टाकला. मग ड्रॉवरमधून दुसरा एक छापील कागद काढला. 'मी स्वखुशीने माझा हक्क सोडत आहे.' "ह्यावर सही अर्जदाराचीच लागते," त्या म्हणाल्या. "बहीण बाहेर बाकावर बसली असेल ना? तिची सही घेऊन या."

बाहेर बाकावर कोणी नव्हतं. मी बसले, कागद मांडीवर घेतला आणि सही केली. जाई दत्ताराम तांबे. हे नाव मी यापुढे कुठेच लिहिणार नव्हते, म्हणून नीट, पहिल्या अक्षरापासून, वेळ घेऊन लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले.

मॅडमनी कागद घेतला, शिक्का मारला. "घर पुढच्या नंबराला जाईल. पत्र कोणालाच जाणार नाही." पुढच्या माणसाला बोलवायच्या आधी त्या थांबल्या. लग्न होऊन गेलेल्या मुलीबद्दल जे कोणीही विचारतं, ते त्यांनी विचारलं.

"सुखात आहे ना ती?"

मी हो म्हणणार होते. नुसतीच होकाराची मान हलवली, आणि मॅडमनी खिडकीतून पाण्याचा ग्लास पुढे केला.